ओर्नेल्ला कुठल्या घरी आली

"उद्या वरच्या गावात फिरायला जायचा बेत शिजतोय ना तुमचा? जा की. पण अंधार पडायच्या आत खाली या," गौदेन्झिओ आजोबा चुलीवरचे चेस्टनट हलवत पोरांना म्हणाले. "दात काढू नका. एर्मेते माझा जिवाभावाचा दोस्त. त्याच्याच तोंडून ऐकलेलं सांगतो."

डोंगर खचला तेव्हा वरच्या गावातल्या, म्हणजे रोक्काफोस्काच्या, सगळ्यांना खाली नव्या फ्लॅटांत आणून टाकलं. एर्मेतेची बायको ओर्नेल्ला तिथं जेमतेम आठवडाभर राहिली. मग दवाखाना, आणि तिथूनच गेली. शेवटच्या घटकेला एर्मेते जवळ नव्हता. तिचीच शाल आणायला वरच्या जुन्या घरी गेला होता बिचारा. ते त्याला आतून खात होतं. एकदा तिची माफी मागायची, एवढंच त्याच्या मनानं घेतलं.

एक नोव्हेंबरच्या रात्री आपली गेलेली माणसं घरी येतात. टेबलावर पाव-पाणी ठेवायचं आणि आपण झोपून जायचं. पण घर कुठलं?

"फ्लॅट तिनं धड पाहिलासुद्धा नाही," एर्मेते शेजारच्या झाइराला म्हणाला. "ती वरच येणार."

"अरे, ती आपल्या माणसाकडे येईल की भिंतींकडे?" झाइरा म्हणाली. "आणि जातोयस तर पाव-पाणी ठेवून परत ये. मेलेल्यांच्या पंगतीला जिवंत माणसानं बसायचं नसतं."

ऐकतो कुठला! महिनाभर त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. रस्ता बंद, तर मागच्या पायवाटेनं चढायचं. किल्ली, मेणबत्ती, तिच्या आवडीचा बडीशेपेचा पाव. एक तारखेला दिवेलागणीला निघाला.

घर उघडलं. टेबल पुसलं. पाव कापला, पेले भरले. एक तिचा, एक स्वतःचा. इथंच चुकला तो.

मध्यरात्र उलटली. जिन्यावर पावलं वाजली... दारापाशी थांबली. मेणबत्ती विझली.

"ओर्नेल्ला?"

समोरची खुर्ची सरकली. कुणीतरी बसलं.

एर्मेतेचा बांध फुटला. शाल, दवाखाना, सगळं रडत रडत बोलला. "एकदा तरी बोल गं..."

नुसता पाव चावल्याचा आवाज. सावकाश.

मग त्याच्या हातावर हात पडला. गार. त्यानं बोटं चाचपली. ओर्नेल्लाची बोटं बारीक होती. ही जाड... खरखरीत...

हात सुटेना.

पहाटे खालच्या चर्चची घंटा झाली, तेव्हा पकड सुटली. तो पडत-धडपडत खाली आला. फ्लॅटला कुलूप तसंच होतं. उघडून आत गेला.

स्वयंपाकघरातली खुर्ची खिडकीशी ओढलेली होती. त्या खिडकीतून वरचं गाव दिसतं. आणि काचेवर, आतल्या बाजूनं, बसलेल्या बाईचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर श्वासाची वाफ धरली होती.

अजून ओली होती.