लाल रेघेखालची धूळ

दातांच्या डॉक्टरीणबाई गाडीतून उतरल्या त्याच मुळी दार आपटून.

"चार दिवसांपूर्वी गिअरबॉक्स दुरुस्त करून दिलात ना? ऐका आता. माझ्या दवाखान्यातलं मशीनसुद्धा याहून गोड वाजतं!"

गॅरेजमधल्या सगळ्यांनी माना वर केल्या. मालक तेवढे स्टोव्हपाशी बसून राहिले. रोज सकाळी ते जुने तांब्याचे वॉशर तारेत ओवून लाल होईपर्यंत तापवत आणि पाण्यात सोडत. तापवलं की तांबं मऊ पडतं आणि बोल्टखाली पुन्हा नव्यासारखं बसतं. हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. जावयाने एकदा "नवा वॉशर कोपऱ्यावर मिळतो की" म्हणत अख्खा डबा भंगारात टाकला होता. तेव्हापासून डबा खणात, खणाला कुलूप आणि किल्ली मालकांच्या कमरेला.

पुढे आले ते कानकाका. नुसता आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगतात म्हणून हे नाव. बावीस वर्षं ते इथे होते. खिडकीखालचं गिअरबॉक्सचं टेबल एक दिवस आपलं होणार, हे ते धरूनच चालले होते. मग मालकांच्या मुलीचं लग्न झालं. जावई डिप्लोमा घेऊन आला आणि थेट त्या टेबलाशी जाऊन बसला. तेव्हापासून जावयाच्या पान्याचा नुसता आवाज आला तरी काकांचा तिळपापड होई. त्यात तो पडला हसतमुख. अशा माणसाचा हेवा करणं फार जड जातं, भांडायला निमित्तच मिळत नाही.

मालकांनी काकांना बाजूला घेतलं.

"हा बॉक्स जावईबापूंनी जोडलाय. काय चुकलं ते तू शोध. चूक त्यांची निघाली, तर उद्यापासून टेबल तुझं."

काकांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ते टुणकन गाडीत जाऊन बसले.

इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला, क्लच मोकळा. घूंऽऽ. क्लच दाबला. आवाज बंद. सोडला, पुन्हा घूंऽऽ. क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो, आतला दांडा थांबतो. म्हणजे दुखणं बॉक्सच्या आत, दांड्याच्या बेअरिंगला. त्यांनी रस्त्यावर एक चक्कर मारली. प्रत्येक गिअरला तेच रडगाणं. एखादाच गिअर खराब असता, तर तो एकटाच ओरडला असता.

"आवाज कधीपासून येतोय, बाई?"

"परवा संध्याकाळपासून."

"त्याआधी?"

"त्याआधी दोन दिवस अगदी गुपचूप चालत होती."

"मधे कुठे दाखवलीत?"

"छे हो. परवा दुपारी दिव्याचा बल्ब बदलायला इथेच तासभर ठेवली होती, तेवढीच."

गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर लावून काका खाली उतरले. बॉक्सच्या बाजूला तेल भरायचा बोल्ट असतो. तो काढून त्यांनी बोट घातलं. तेल भोकाच्या काठाशी लागायला हवं. बोट वाकवून दोन पेरं आत घातलं तरी कोरडंच. बॉक्सचा तळ बाहेरून स्वच्छ होता, गळतीचा मागमूस नव्हता. बेअरिंग तेलावाचून रडत होतं.

"जावईबापू, तेल किती भरलं होतं?"

"काठावरून वाहीपर्यंत, काका."

"नक्की?"

"तुम्ही शेजारीच उभे होतात की!"

होते खरे. काहीतरी चुकेल म्हणून टपून उभे होते. काही चुकलं नाही, याचाच तर राग आला होता.

या गॅरेजची एक रीत होती. बोल्ट आवळला की त्याच्यावरून बॉक्सपर्यंत रंगाची रेघ मारायची. मालकांची पांढरी, काकांची पिवळी, जावयाची लाल. पुन्हा कुणी बोल्ट फिरवला, की रेघ तुटते.

तेल काढायच्या, तळाच्या बोल्टवरची लाल रेघ अखंड होती. म्हणजे तेल कुणी काढलं नाही. म्हणजे मुळात कमीच भरलं होतं. आपण पाहिलं ते आपल्याला नीट आठवत नसेल! हेच वर जाऊन सांगायचं, की टेबल आपलं. काका खड्ड्याबाहेर निघालेसुद्धा.

पण हात थांबेना. त्यांनी रेघेवरून अंगठा फिरवला. बाजूच्या बोल्टची रेघ धुळीखाली होती. ही मात्र धुळीवर होती. गाडी दोन दिवस फिरल्यावर मारलेली. रंगाचे डबे तर फळीवर उघडेच असायचे.

त्यांनी खाली घमेलं ठेवून बोल्ट काढला, तळाशी उरलेलं थोडं तेल घमेल्यात पडलं. वॉशर पुसून उजेडात धरला. त्याच्यावर काळसर-जांभळी झाक होती. तो त्यांनी खिशात टाकला.

मालकांची मुलगी काउंटरवर होती.

"ताई, परवा दुपारी बल्बला गाडी आली तेव्हा इथे कोण होतं?"

"आमचे हे सामान आणायला गेले होते. तुम्ही जेवायला. मी इथे फोनवर आणि बाबा आत." ती थांबली. "काका, स्पष्टच विचारते. यांच्यावर कोण जळतं ते सगळ्या गॅरेजला माहीत आहे. त्या दिवशी जेवून लवकर आला होतात का?"

काकांच्या अंगाची लाही लाही झाली. तिचं बोलणं निम्मं खरं होतं, म्हणून जास्तच.

त्यांनी सगळ्यांना खड्ड्यापाशी बोलावलं.

"तेल कमी भरलं नव्हतं. परवा दुपारी ते काढलं गेलं. बोल्ट परत आवळून वर लाल रेघ मारली, म्हणजे आळ जावईबापूंवर."

"कुणी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मला त्यांचा हेवा वाटतो, ताई म्हणते ते खोटं नाही. पण मी नेहमी नवा वॉशर लावतो. जावईबापूही नवाच लावतात." काकांनी मूठ उघडली. "हा आगीतून गेलेला आहे. असे वॉशर कुलुपात असतात."

सगळ्यांच्या नजरा मालकांच्या कमरेकडे गेल्या.

"मालक, होता तोच वॉशर परत लावला असतात, तर मला कळलंही नसतं. पण एकदा चेपलेला वॉशर तसाच लावायला तुमचा हात धजला नाही. दुसऱ्याचं काम बिघडवतानाही आपलं काम चोख!"

"बाबा?" मुलीचा आवाज चिरकला.

मालकांनी कमरेची किल्ली मुठीत धरली. "पूर्वी लोक यायचे आणि विचारायचे, मालक आहेत का? परवा बाईंनी मला नमस्कार केला, आणि मलाच विचारलं, जावई आहेत का?"

"पण शोधायला मलाच का लावलंत? हा वॉशर ओळखणारा मी होतो ना."

"तू त्याच्यावर माझ्याहून जास्त जळतोस, म्हणून. वाटलं, त्याची चूक दिसली की तू पुढे बघणारच नाहीस."

काकांना ते फार लागलं. रेघेवरून अंगठा फिरवला नसता, तर मालकांचा अंदाज बरोबरच ठरला असता.

काकांनी वॉशर मालकांपुढे धरला.

"स्टोव्ह पेटवा. हा पुन्हा तापवून द्या. दोन दिवसांत याच्यातून थेंब गळलेला नाही."

मालकांनी स्टोव्हपाशी बसून काडी ओढली. तेवढ्यात जावई त्यांच्याजवळ जाऊन बसला आणि हळूच म्हणाला, "किती लाल झाला की काढायचा, बाबा? मला शिकवाल?"

मालकांनी मान खाली घातली. मग सरकून त्याला जागा दिली.

बावीस वर्षांत काकांना ते कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या मनात पुन्हा तीच जुनी जळफळ उठली. ती तशीच घेऊन काकाही स्टोव्हपाशी गेले आणि जावयाच्या शेजारी उकिडवे बसले.