तुटीचा रकाना

फोन आला तेव्हा तो पाणसळ लावून बसला होता. पाच फूट लांब आणि अडीच फूट रुंद काचेची टाकी चौघांनी उचलून धरली होती, आणि ती जिच्यावर ठेवायची त्या लोखंडी घोडीचा डावा पाय नखभर खाली होता. मुलीचा फोन होता, दवाखान्यातून. ती म्हणाली, "बाबा, या तुम्ही." मग जरा थांबून, "घाई नका करू आता."

त्या 'आता'तच काय ते आलं.

त्याने फोन खिशात टाकला. चौघे त्याच्याकडे बघत होते, त्यांचे हात भरून आले होते. तो खाली वाकला, डाव्या पायाखाली रबराची पातळ पट्टी सरकवली, पाणसळीतला बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आला की नाही ते पाहिलं आणि म्हणाला, "ठेवा." टाकी बसल्यावर चारी कोपरे हाताने चाचपले. मग चपला घातल्या. यात तीन-चार मिनिटं गेली असतील. पुढे त्या दिवसातलं त्याला फारसं काही आठवेना, पण ती तीन-चार मिनिटं काही केल्या विसरता येईनात.

सकाळी बायकोनेच त्याला घरी पिटाळलं होतं. "तुम्ही जा हो. इथे बसून माझ्या नळ्या बघत राहता, जशी काही मी तुमच्या खात्याची पाइपलाइनच आहे. काच येणार आहे, घरात कोणी नको का?"

बावीस वर्षं ती मत्स्यालयाच्या तिकीट-खिडकीत बसत होती. खिडकीच्या पाठीमागेच मोठी टाकी होती. तीत प्रवाळ होते, रंगीत मासे होते, सगळा थाट होता. तिच्या वाट्याला समोरची रांग आली. "जन्म गेला समुद्राकडे पाठ करून," ती म्हणायची. निवृत्त झाल्यावर तिने जाहीर केलं की आता घरातच भिंतभर टाकी आणायची आणि तिच्याकडे तोंड करून बसायचं. दोन खुर्च्याही आणल्या. टाकी सांगून ठेवली आणि आजारपण निघालं.

तो पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायचा. हातात लोखंडी दांडी. तिचं एक टोक जमिनीखालच्या नळावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाच्या लाकडी वाटीला कान लावायचा आणि कुठे पाणी झिरपतंय ते ऐकायचं. ती त्याला 'गळतीसाहेब' म्हणायची. साहेब तो कधीच नव्हता. पण आयुष्यभर त्याने एकच गोष्ट शोधली होती, कमी झालेलं पाणी. खात्याच्या वहीत त्यासाठी रकाना असे, 'तूट'. वाढीचा रकाना नव्हता, कारण नळात पाणी आपोआप वाढत नाही.

महिन्याभराने त्याने टाकीचं काम पुन्हा हाती घेतलं. मुलगी म्हणाली, "बाबा, परत घेतील ते. मी बोलते." तो म्हणाला, "राहू दे. बसवून झाली आहे." खरं तर त्याला नुसतं बसवत नव्हतं. ज्या कामापायी तो शेवटी तिच्याजवळ नव्हता ते काम तरी पुरं व्हायला हवं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

प्रवाळाचं दुकान चालवणारा माणूस येऊन सगळं समजावून गेला. त्याची जीभ सैल होती, पण कामात चोख. वरची टाकी देखाव्याची, तिच्याखाली घोडीत एक लहान टाकी. वरचं पाणी काठावरच्या फटींतून खाली पडतं, पंप ते परत वर चढवतो.

"म्हणजे बघा काका," तो म्हणाला, "वरची पातळी कधी हलायची नाही. कमी-जास्त काय व्हायचं ते खालच्या टाकीत दिसणार. तिथे एक रेघ मारून ठेवा. पाणी रोज उडतं, पण मीठ उडत नाही, ते मागेच राहतं. तेव्हा सकाळी खारटपणा मोजायचा, जेवढं उडालं तेवढं गोडं पाणी घालायचं, की पाणी रेघेवर. आणि मासे लगेच नाहीत हं. आधी पाणी पिकू द्यायचं."

"पाणी पिकतं?"

"पिकतं म्हणजे काय, जिवंत होतं. दगड टाका, वाळू टाका आणि वाट बघा. महिना, सव्वा महिना. लोकांना धीर धरवत नाही, तिथेच घोळ होतो."

वाट बघायला त्याची काहीच हरकत नव्हती. त्याला दुसरं काम नव्हतं. त्याने मीठ कालवलं, वाळू धुऊन अंथरली, दगड दोन्ही बाजूंना रचले आणि मधली जागा मोकळी ठेवली, कारण तिने कागदावर तसंच काढून दिलं होतं. पंप सुरू झाला. त्याचा आवाज बारीक आणि सलग होता. घरात काहीतरी चालू आहे, एवढाच त्याचा उपयोग.

जुन्या सवयीने त्याने वही घातली. तारीख, खारटपणा, तूट. तूट रोज चार लिटर. रोज सकाळी उठायचं, तोंड धुवायचं, चार लिटर गोडं पाणी घालायचं, चहा करायचा. सवयीने दोन कप ठेवायचे आणि एक उचलून ठेवायचा. असे पाच आठवडे गेले. पाणी पिकलं. प्रवाळवाल्याने पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे आणून सोडले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या टाकीतलं पाणी रेघेवरच होतं.

त्याने खारटपणा मोजला. तो वाढला होता, रोजच्याइतकाच. म्हणजे खारटपणा सांगत होता की चार लिटर पाणी उडालं आहे, आणि रेघ सांगत होती की थेंबही गेलेला नाही. त्याने पुन्हा मोजलं. मग नियमाप्रमाणे चार लिटर गोडं पाणी घातलं. खारटपणा ठीक झाला, पाणी रेघेच्या वर आलं. जास्तीचं पाणी मापाच्या भांड्याने काढलं तर तेही चार लिटर भरलं.

बाहेरून कुठून पाणी येत असतं तर ते गोडं असतं आणि खारटपणा उतरला असता. तसं काही नव्हतं. वहीत लिहायला रकाना नव्हता, म्हणून त्याने तुटीच्या खाली 'उणे चार' असं लिहिलं. लिहिताना त्याचं त्यालाच विचित्र वाटलं. उणी तूट.

दुसऱ्या दिवशी उणे साडेतीन. तिसऱ्या दिवशी उणे चार. त्याने प्रवाळवाल्याला फोन केला.

"काका, तुम्ही आत काय टाकलंत?"

"काही नाही."

"असं कसं? पाणी वाढत नसतं. आत काहीतरी उतरलं की ते आपल्यापुरती जागा करतं आणि तेवढं पाणी बाहेर येतं. एखादा दगड टाकला असेल."

"दगड टाकला तर मला कळेल ना रे."

"नाही, या वयात... बरं, येतो मी."

तो आला, वाकून बघितलं, रेघ बघितली, पंप बघितला. त्याला काही सापडलं नाही. निघताना मात्र तो टाकीसमोर जरा वेळ उभा राहिला.

"मासे असेच करतात का हो?"

"कसे?"

"मधून जात नाहीत."

मासे उजव्या दगडांकडून डावीकडे निघायचे, मोकळ्या जागेपाशी आले की मागच्या काचेला चिकटून वळसा घालायचे आणि पलीकडे निघायचे. गर्दीत कोणाला धक्का लागू नये म्हणून माणूस अंग चोरून जातो, तसे. आत मोकळं पाणी होतं. त्यातून मागची भिंत स्वच्छ दिसत होती.

"नवे आहेत," प्रवाळवाला म्हणाला. "सरावतील." त्याने चहा अर्धाच घेतला.

रविवारी मुलगी आली. ती आईवर गेली होती, बोलायला लागली की समोरच्याला पळवाट ठेवत नसे.

"बाबा, तुमचं वजन केवढं उतरलंय. आणि दिवसभर काय करता, तर भांड्याने पाणी मोजता."

"काम आहे ते."

"काम नाही ते. आईची टाकी झाली, बघून झाली. आता माझ्याकडे राहायला चला. मी त्या दुकानदाराशी बोललेय, तो टाकी न्यायला तयार आहे. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी."

"बरं," तो म्हणाला. वाद घालायला अंगात बळ लागतं.

"नुसतं बरं नको. शब्द द्या."

"दिला."

जाता जाता तिने आठवण केली, आईच्या निवृत्तिवेतनासाठी दवाखान्याचे कागद लागतील, शोधून ठेवा.

पाणी वाढतच होतं. उणे चार, उणे तीन, उणे साडेतीन. एका दुपारी त्याने माळ्यावरून दांडी काढली. निवृत्त झाल्यापासून तिला हात लावला नव्हता. तिचं टोक समोरच्या काचेवर डाव्या कडेला टेकवलं आणि वाटीला कान लावला. पंपाचा आवाज साफ आला. उजव्या कडेलाही तसाच. मग तो वीत-वीत सरकत मधे आला.

मधे आवाज बसला होता.

हे त्याच्या ओळखीचं होतं. नळ आणि दांडी यांच्यामधे ओली माती आली, चिंध्या आल्या की आवाज असाच बसतो. मधे काही मऊ आलं की बसतो. त्याने वर-खाली ऐकून पाहिलं. बसलेला आवाज वाळूपासून सुरू होत होता आणि काठाच्या खाली चार बोटांवर संपत होता. खालून रुंद, वर निमुळता. कडेला पेन्सिलीने खुणा करत जावं असं त्याच्या मनात आलं. त्याने केल्या नाहीत.

तेराव्या दिवशी उणे तीन. चौदाव्या दिवशी पाणी वाढायचं थांबलं. पुन्हा पहिल्यासारखी रोज चार लिटर तूट येऊ लागली. त्याने वहीत बेरीज केली. एकूण एकोणपन्नास लिटर.

दवाखान्याचे कागद कपाटातच होते. शेवटच्या आठवड्याचा तक्ता वरच होता. नाडी, ताप, आणि तिसऱ्या ओळीत वजन. एकोणपन्नास किलो.

तो पलंगावर बसून राहिला. खात्यात असताना टाक्या साफ करायला माणसं पाण्यात उतरत. उतरणाऱ्याचं जेवढं वजन, जवळजवळ तेवढ्याच लिटरची जागा तो पाण्यात घेतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यावर पैजाही लागत. हे शिकवायला कोणी लागत नाही.

त्या दिवसापासून तो दुपारी टाकीसमोरच्या खुर्चीवर बसू लागला. दुसरी खुर्ची त्याने उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. का, ते त्याला सांगता आलं नसतं. ती आता तिकडे कशाला बसेल, एवढंच वाटलं. तो काही बोलत नसे. एकदा मात्र म्हणाला, "पट्टी सरकवत होतो. चौघांनी धरून ठेवली होती गं. नाहीतर लगेच निघालो असतो." मासे दगडाआड होते. पाणी नुसतं वाहत होतं.

मुलीला त्याने सांगितलं नाही. काय सांगणार होता? आणि सांगून तिने विश्वास ठेवला असता, तर तिलाही ते सोसावं लागलं असतं. शब्द तर दिलेला होता. कधी वाटे, आपण थकलो आहोत, एवढंच आहे हे. रविवारी पाणी निघेल, रिकामी काच दिसेल, आणि सुटू. कधी वाटे, एकदा तिला सोडून आलोच, आता दुसऱ्यांदा. रात्री झोप मात्र लागत होती, अगदी गाढ. त्याचीच त्याला लाज वाटे.

रविवारी दोघंही वेळेवर आली. प्रवाळवाल्याने पिंपं आणली होती. त्याने मासे धरून बादलीत घेतले, पंप बंद केला. घर एकदम मोठं वाटायला लागलं.

"काका, तुम्ही बसा. माझं मी करतो."

"हळू काढ," तो म्हणाला.

"पाणीच आहे काका. दुखणार आहे का त्याला?"

मुलीने त्याच्याकडे डोळे वटारले. तो ओशाळला आणि नळी बारीक सोडली.

पाणी उतरू लागलं. चार बोटं उतरलं. वीतभर. दगडांची डोकी उघडी पडली. मुलगी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. पहिलं पिंप भरलं, दुसरं लावलं. दीड वीत.

"काच धुरकटली बघा," प्रवाळवाला म्हणाला.

समोरच्या काचेवर, पाण्याच्या वर, मधोमध, तळहाताएवढा डाग होता. मुलीने ओढणीच्या टोकाने पुसला.

तो गेला नाही.

"आतून आहे," ती म्हणाली.

डाग हळूहळू विरला. काच स्वच्छ झाली. तिघं बघत होते.

मग तो पुन्हा आला. त्याच जागी. विरला. पुन्हा आला.

प्रवाळवाल्याने नळी चिमटीत धरली. आवाज खाली आणून त्याने विचारलं, "काका, काढू, की परत भरू?"

त्याने मुलीकडे पाहिलं. तिची बोटं त्याच्या खांद्यात रुतली होती. भरलं तर तो श्वास पाण्याखाली जाईल आणि काढलं तर आत जे बसलंय ते उघडं पडेल, हे तिघांनाही एकदमच कळलं होतं, आणि दोन्हींपैकी एकही तोंडातून निघत नव्हतं.

नळीला चिमटा लावून प्रवाळवाला गेला. दोन पिंपं तिथेच राहिली. त्याचा फोन येत नाही. मुलगी माझ्याकडे चला असं आता म्हणत नाही. संध्याकाळी ऑफिस सुटलं की येते, आतली खुर्ची आणून बाबांशेजारी बसते, आणि अंधार पडायच्या आत निघते. टाकी निम्मी भरलेली आहे. उरलेलं पाणी काढायचं राहिलं आहे.