फोटोतलं लाल जॅकेट

रॉयडन पहिल्यांदा आत आला तो सहलीसाठी नव्हेच. तो आला एसीसाठी.

सप्टेंबरची दुपार होती, दुबईच्या ऊद मेथा भागातली शाळा सुटायला अजून वीस मिनिटं होती, आणि बाहेर असं ऊन की गाडीच्या दाराला हात लावायची सोय नाही. भाचीला न्यायला आलेला हा उंच तरुण ट्रॅव्हल एजन्सीचं दार ढकलून आत शिरला, रुमालानं मान पुसली, आणि काहीतरी विचारायला हवं म्हणून तिथे काम करणाऱ्या शुभ्राच्या टेबलावरच्या फोटोकडे बोट दाखवलं. फोटोत लाल जॅकेट घातलेली शुभ्रा गुडघाभर बर्फात उभी राहून हसत होती.

“हे कुठलं?”

“ऑस्ट्रिया.” मागच्या काचेआडून मालक मोहिद्दीनभाई बघत होते. दुसरं काय म्हणणार ती?

“तुम्ही स्वतः गेला होता?”

“हो... म्हणजे, हो ना.”

झालं. एवढंसं खोटं! फोटो होता दुबईतल्याच एका मॉलमधला. तिथे छपराखाली बर्फाचा डोंगर केला आहे, आणि तिकिटात जॅकेटही वापरायला मिळतं. फ्रेम मोहिद्दीनभाईंनी हौसेनं आणली होती. “देखो बेटा, कस्टमर को लगना चाहिए, लडकी जाके आयी है,” म्हणाले होते. तीन वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं त्या फोटोकडे दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं. ह्यानं पाहिलं. आधी फोटोकडे, मग तिच्याकडे... आणि खुर्ची ओढून बसलाच.

“मग सांगा, त्या थंडीत नाक खरंच दुखतं का?”

“नाक?”

“मम्मी पहिलं हेच विचारणार.”

शुभ्राला हसू आलं.

रॉयडन वसईचा, दुबई मरीनातल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर. त्याचे पप्पा ॲल्फ्रेड दरवर्षी बायकोला म्हणायचे, “पुढच्या नाताळला तुला बर्फ दाखवतो.” गेल्या वर्षी पप्पाच गेले, आणि मम्मी दुबईला लेकीकडे राहायला आली. ह्या नाताळला मम्मीला न्यायचंच, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. सोबत बहीण सुझी आणि सात वर्षांची भाची ट्रेसी. “लहानांना जमेल आणि मम्मीच्या गुडघ्यांना झेपेल असं गाव पाहिजे.”

शुभ्रानं सांक्ट लुत्सेन सुचवलं. आल्प्सच्या कुशीतलं छोटंसं गाव, पोरांना स्की शिकायला सौम्य उतार, घसरगाड्या, आणि एक जुनं चर्च.

“नाताळच्या मिस्साला मम्मीला चर्चमध्ये चालत जाता येईल?”

“हॉटेलपासून दोन मिनिटं.” ब्रोशरात तसंच छापलं होतं.

“तुम्ही चालला होता?”

“...हो.”

मग तो येतच राहिला. दुसऱ्या वेळी ट्रेसी बरोबर होती. पोरगी फ्रेमपुढे नाक लावून उभी राहिली आणि म्हणाली, “अंकल रॉय, लुक—” तेवढ्यात त्यानं तिचा हात धरला. “चल चल, आइस्क्रीमचं दुकान बंद होईल!” भर दुपारी कुठलं आइस्क्रीमचं दुकान बंद होतं, हे शुभ्राला कळेना.

कधी तो शेंगेन व्हिसाचा कागद घेऊन यायचा, कधी नुसताच प्रश्न.

“हातमोजे दोन जोड घ्यावे का?”

“हे फोनवर विचारता आलं असतं.”

“फोनवर तुमचे हात दिसत नाहीत. मापाला कुणाचे बघू?”

ती लाजून की-बोर्डवर काहीतरी बडवत बसायची. डिस्कव्हरी गार्डन्सच्या घरी परतताना मेट्रोच्या काचेत स्वतःला बजावायची, उद्या सांगून टाकू. आणि उद्या आला की ते हसरे डोळे दिसायचे. हे डोळे एकदा बदलले तर... ह्या भीतीनं ती विषय व्हिसाकडे वळवायची. तो तिला आवडायला लागला होता. अगदी काळजात रुतून बसला होता. म्हणूनच ते एवढंसं खोटं रोज वाढत चाललं होतं.

नोव्हेंबरात व्हिसा आले. मिस्साला पुढची जागा मिळावी म्हणून शुभ्रानं हॉटेलच्या मालकिणीला ईमेल टाकला. उत्तर लगेच आलं. चर्च टेकडीवर आहे. दोन मिनिटं लागतात ती रोपवेच्या पाळण्यानं, आणि नाताळच्या संध्याकाळी पाळणा बंद असतो. एरवी एकशे चाळीस पायऱ्या. हिवाळ्यात त्यांवर बर्फ गोठतो, वयस्कर पाहुणे चढत नाहीत.

शुभ्रानं ईमेल पुन्हा वाचला. नवऱ्याची आठवण घेऊन एवढ्या लांब गेलेल्या रॉयडनच्या मम्मी, जॉयस आंटी, पायऱ्यांखाली उभ्या आहेत आणि वर घंटा वाजते आहे, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना. ब्रोशरावर ढकलता आलं असतं. पण ‘मी चालले आहे’ असं ब्रोशरानं म्हटलं नव्हतं, तिनं म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी रॉयडन आईला घेऊनच आला. जॉयस आंटी निवृत्त नर्स, बोलणं मऊ, नजर मात्र पक्की. बसल्या बसल्या त्यांनी पर्समधून लोकरीची निळी टोपी काढली.

“हे तुझ्यासाठी विणलंय, बाळा. रॉयनं फोनवर तुझा फोटो दाखवला ना, त्यात तुझे कान उघडे दिसले. किती थंडी लागली असेल!”

शुभ्रानं टोपी हातात घेतली आणि तिला रडू फुटलं.

“आंटी... मला थंडी नाही लागली. मी तिथे गेलेलेच नाही.”

मग तिनं सगळं सांगितलं. मॉल, फोटो, ईमेल, पायऱ्या. काचेआड मोहिद्दीनभाई खुर्चीतून अर्धे उठले होते. शुभ्रानं तिकडे पाहिलंही नाही. ती रॉयडनकडे बघत होती. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. तो उठला आणि उन्हात निघून गेला.

जॉयस आंटी मात्र बसून राहिल्या. म्हणाल्या, “पायऱ्या नसलेलं चर्च शोधशील?”

“शोधते. आजच.”

टोपी त्यांनी परत घेतली नाही.

शुभ्रानं पंधरा गावांत फोन केले. ह्या वेळी प्रत्येकाला विचारलं, तुमच्या आईचे गुडघे दुखत असते तर तिला तुम्ही कसं नेलं असतं? शेवटी एक गाव सापडलं. चर्च सपाटीवर, हॉटेलच्या दारासमोर. मोहिद्दीनभाई धुसफुसले, पण बुकिंग त्यांनीच बदलून दिलं. तिनं रॉयडनला कळवलं. उत्तर आलं, ‘थँक्स. नोटेड.’ एवढंच! चार दिवस तिनं फोन उशाशी ठेवला, बेसिनपाशी ठेवला, पोळ्या लाटताना पोळपाटाशेजारी ठेवला. तो काही वाजला नाही.

पाचव्या दिवशी दार ढकलून ट्रेसी आत आली, मागून रॉयडन.

“सी, अंकल रॉय? आय टोल्ड यू! दॅट्स द मॉल जॅकेट. आय वोअर इट ऑन माय बर्थडे!”

शुभ्रा बघतच राहिली. “म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?”

“दुसऱ्या भेटीपासून.”

“मग त्या दिवशी असे निघून का गेलात?”

त्यानं मान खाली घातली. “फोटोचं मला हसू यायचं. वाटायचं, सांगेल कधीतरी. पण चर्चचं... तू गेली नाहीस हे माहीत असूनही मी ते तुझ्या शब्दावर सोडलं. मम्मी तिथे अडकली असती तर चूक माझीही होती. चार दिवस स्वतःवरच चिडलो होतो.”

“परत विचारायचं ना मला!”

“विचारलं असतं तर तू परत ‘हो’ म्हणाली असतीस. आणि मला ते ऐकायचं नव्हतं... कारण तू मला आवडतेस, शुभ्रा. फार.”

शुभ्राचे डोळे भरून आले. “आता विचारा. आता खरं सांगेन.”

“मी आवडतो?”

“हो,” ती म्हणाली. ह्या वेळी अडखळली नाही.

“मग यल्ला, चल! मम्मी बाहेर गाडीत बसलीये. निघण्याआधी त्या मॉलच्या बर्फात उभं राहून बघायचंय म्हणते. टोपी घे.”

जानेवारीत एक जोडपं हनिमूनची चौकशी करायला आलं. नवरीची नजर शुभ्राच्या टेबलावरच्या नव्या फोटोवर गेली. दोन लाल जॅकेटं, एक निळी टोपी.

“हे आल्प्स का हो?”

काचेआडून मोहिद्दीनभाई खाकरले.

“नाही,” शुभ्रा म्हणाली. “बर्फ मॉलमधला आहे. शेजारचा माणूस खरा आहे.”