चांदीच्या रंगावर बुरशी

बाई खुर्चीत अशा बसल्या, की खुर्चीनंच अंग चोरून घ्यावं.

"ज्यानं हे केलं त्याचं नाव मला हवंय," त्या म्हणाल्या. "कागदावर, शाईनं. माफीबिफी नको."

मावशीनं चष्मा पुसला. भाच्यानं वही उघडली. तो सेहेचाळीस वर्षांचा होता, विम्याच्या नोकरीतून बाहेर पडला होता, आणि मावशीच्या तपासकामात वही धरण्यापर्यंत त्याची बढती झाली होती. मावशी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली. आता ती लोकांच्या भानगडी तपासायची. तिच्या मते काम तेच होतं, फक्त वास वेगळा.

बाई दिराच्या रंगाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होत्या. दोन वर्षं खपून त्यांनी एक कृती बसवली होती. पेरूच्या पानांचा काढा करायचा, त्यात चांदीचा क्षार घालायचा. फिकट पाणी तपकिरी झालं, की चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण तयार झाले समजायचं. ते रंगात मिसळले की भिंतीवर बुरशी धरत नाही.

हॉस्पिटलच्या समितीनं मुलांच्या वॉर्डासाठी परीक्षा ठेवली. पाच पाट्यांना चांदीचा रंग, पाचांना काहीच न मिसळलेला साधा. सगळ्यांवर बुरशी सोडून चार आठवडे दमट खोलीत कोंडलं, दाराला समितीचं सील. काल सील फोडलं. दहाच्या दहा पाट्या काळ्या.

"समितीसमोर भाऊजी म्हणाले, 'वहिनी, काढा सर्दीला घ्या, आणि उद्यापासून घरी बसा.' समितीनं माझं नाव 'अविश्वसनीय' म्हणून लिहून घेतलं. आता मला कुठलीच प्रयोगशाळा दारात उभी करणार नाही."

"सील शाबूत होतं?"

"अध्यक्षांनी भिंग लावून पाहिलं."

"पाट्या कोणी रंगवल्या?"

"समितीच्या माणसानं. डबे मी भरले. पाच घाण्यांचे पाच डबे. प्रत्येक झाकणावर आतल्या रंगाचा ठिपका दिला, आमच्याकडे देतातच. डबे दोन दिवस कोठीत होते, मग समितीकडे गेले."

"कोठीची किल्ली?"

"भाऊजींकडे आणि शेडमास्तरांकडे."

रंगाची शेवटची छटा जुळवतो तो शेडमास्तर, ही माहिती भाच्यानं वहीत लिहून खाली रेघ मारली. मावशीनं रेघेकडे पाहिलं आणि चप्पल शोधली.

कारखान्यात पहिला भेटला विक्रीवाला. बुरशी रोखणारी परदेशी पावडर कारखान्याला विकून कमिशन मिळवायचा त्याचा बेत बाईंच्या पानांनी बुडवला होता, आणि ते तो लपवतही नव्हता.

"मला आनंद झाला हो, खोटं कशाला बोलू? पण मी काही केलं नाही. माझ्याकडे फक्त दमट खोलीची किल्ली. तीही सील लागल्यावर खिशात नुसती वाजत होती."

भाच्यानं बाहेर येऊन कुजबुज केली, "हाच आहे, मावशी. किती खूश दिसतोय."

"खूश दिसणं गुन्हा असता तर तुला लग्नातच अटक झाली असती. चल."

मालक हसत सामोरे आले. रंगाच्या कारखान्याचे मालक, आणि एका पायात हिरवा मोजा, दुसऱ्यात तपकिरी.

"वहिनींना वाईट वाटणारच," ते म्हणाले. "पण आमचा रंग त्या हॉस्पिटलच्या भिंतींवर वीस वर्षं आहे. बुरशीची बिशाद नाही. ही पानंफुलं हवीत कशाला?"

त्यांच्या उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं काळी होती.

"हे काय झालं?" मावशीनं विचारलं.

"पेन गळलं." मालकांनी हात खिशात घातला.

भाच्यानं वहीत दोन रेघा मारल्या.

शेडमास्तर खिडकीपाशी उभे होते. समोर दोन पांढऱ्या पट्ट्या. भाच्याला त्या सारख्याच दिसत होत्या.

"डावीकडची आजारी आहे," मास्तर म्हणाले. "निळा जास्त झालाय."

"बाईंचा रंग कसा होता?"

"बाई हुशार. पण पानं ती पानं. एक घाणा कोऱ्या चहासारखा, दुसरा मधासारखा. पांढऱ्यात मिसळला तरी झाक राहतेच. पाच डबे, पाच झाका. मी तीस वर्षांत दोन डबे वेगळे बाहेर सोडले नाहीत."

"घरी कोण असतं?"

"आता कोणी नाही. बायको इथंच मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बुरशी मारायची पावडर रंगात कालवायची. पाऱ्याची. हातमोजे मागितले, तर मालक म्हणाले, पीठ मळायला लागतात का? शेवटी तिला बशी धरता येत नव्हती."

"मालकांनी काय केलं?"

"हार पाठवला," मास्तर म्हणाले, आणि डाव्या पट्टीत थेंबभर पिवळा घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीनं सगळ्यांना बाईंच्या प्रयोगशाळेत बसवलं. चांदीच्या पाच पाट्या खिडकीत ओळीनं मांडल्या आणि भाच्याच्या हातात साबणाच्या पाण्याचा बोळा दिला.

"प्रत्येकीचा एक कोपरा पूस."

बुरशी निघाली. खाली पाच मलईदार चौकोन उघडे पडले. मावशीनं प्रत्येक पाटीखाली तिच्या डब्याचं झाकण ठेवलं.

"काय दिसतं?"

भाचा बराच वेळ पाहत राहिला. "झाकणांवरचे ठिपके पाच तऱ्हेचे आहेत. पाट्या सगळ्या एकसारख्या."

"शाबास. विक्रीवाले साहेब, तुम्ही सुटलात. खोलीचं सील शाबूत, म्हणजे पाट्यांना कोणी हात लावला नाही. रंग आधीच बदलला होता, कोठीत. डब्यात साधा पांढरा ओतला, आणि संशय नको म्हणून त्याला बाईंच्या रंगासारखी पिवळी झाक दिली. झाकणं मात्र जुनीच लावली."

"म्हणजे मालक," भाचा म्हणाला. "बोटं काळी आहेत."

"चांदीचा क्षार कातडीला लागला की उजेडात काळा पडतो आणि आठवडाभर जात नाही. मालक वहिनींच्या चोरून काढा करून बघत होते. ज्याला कृती ढापायचीय तो ती नापास कशाला करेल? त्यांना रंग हवा होता. बाई नको होत्या."

बाईंनी मान वळवली. "जमला का, भाऊजी?"

मालक म्हणाले, "पांढरं दही झालं."

"नळाचं पाणी घेतलं असेल. त्यातल्या क्षारांनी चांदी फाटते."

"शिवाय," मावशी म्हणाली, "ज्यांना हिरवा आणि तपकिरी मोजा वेगळा ओळखता येत नाही, ते ही झाक कशी जुळवणार? ती जुळवणारा एकच हात इथं आहे. दुसऱ्या कोणी फसवलं असतं तर पाच डब्यांत अंदाजपंचे पिवळा टाकला असता आणि पाच वेगळे रंग झाले असते. मी फसलेही असते. पण या माणसाच्यानं दोन डबे वेगळे सोडवत नाहीत. लबाडी करतानासुद्धा नाही."

शेडमास्तर पाट्यांकडे बघत होते. "एकसारख्या आल्यात," ते म्हणाले. "वीस वर्षं पारा विकला या मालकानं. त्याच भिंतींवर आता चांदी लावून स्वच्छ माणूस म्हणून मिरवणार होता. समितीसमोर याचं तोंड काळं व्हावं, एवढंच हवं होतं. यानं ते बाईंच्या तोंडाला फासलं."

"माझा विचार आला नाही तुमच्या मनात?" बाईंनी विचारलं.

"आला. दोन दिवस आला. मग डबे गेले."

"मी माफ करणार नाही."

"मी मागितली नाही."

मालकांना एकदम हुरूप आला. "म्हणजे वहिनींचा रंग चालतो! झालं तर. मास्तरला पोलिसात देऊ, वहिनी उद्यापासून कामावर. मावशीबाई, अहवाल द्या, मी आत्ताच समितीला नेतो. तेवढं मास्तरच्या कारणाचं पान गाळा. घरगुती बाब आहे."

"अहवाल बाईंचा आहे," मावशी म्हणाली. "त्यांना विचारा."

बाई शेडमास्तरांकडे वळल्या. "ती पाऱ्याची पावडर मुलांच्या वॉर्डातही?"

"चारी भिंती आणि छत. शेड मीच जुळवली होती."

"लिहा," बाईंनी भाच्याला सांगितलं. "चारी भिंती आणि छत."

"वहिनी, ऑर्डर जाईल. कारखाना बुडेल. तो तुमच्याही घरचाच ना?"

"हो. बुडेल." बाईंनी टोपण काढलं आणि पहिल्या पानावर सही केली. मग कारणाच्या पानावर. मास्तरांनी हात पुढे केला. बाईंनी पेन दिलं. त्यांच्या सहीखाली मास्तरांनी आपली सही केली, तितक्याच उंचीची.

"प्रती किती काढू?" भाच्यानं विचारलं. "समितीला एक, आणि…"

"वॉर्डात खाटा चोवीस," बाई म्हणाल्या. "प्रत्येक मुलाच्या आईबापांना एक. पंचवीस काढा."

मालक खाली बसले. कोणीच त्यांच्याकडे पाहिलं नाही. सगळे भाच्यासाठी कार्बनचे कागद शोधत होते.