होल्ट्झ बारमागचा जिना

रविवारी सकाळी बर्नी लुडके रिकाम्या बाटल्या टाकायला बारच्या मागच्या अंगणात गेला, आणि सहज त्याची नजर वर गेली.

जिन्याच्या वरच्या टोकाला, बंद दाराला टेकून एक म्हातारा बसला होता. अंगात नुसता शर्ट. मांडीवर, खांद्यांवर, भुवयांवरसुद्धा बर्फ साचलेला.

बर्नीनं हाक मारली. मग फोन लावला.

आदल्या संध्याकाळपासून मिलवॉकीचे पोलीस ज्याला शोधत होते, तो व्हर्नन होल्ट्झ हाच. पण शोध चालला होता तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, नदीकाठी.

तपास अधिकारी रोझान कुबियाक प्रेत उचलेपर्यंत जिन्यावर उभी राहिली. प्रेत हलवल्यावर ती वाकली आणि त्याखालच्या फळीवरून हात फिरवला. फळी कोरडी होती. बुटांचे तळवेही कोरडे, खाचांमध्ये बर्फाचा कण नाही. डाव्या मनगटावर घड्याळ होतं. उजव्या मनगटावरच्या कातडीवर एक फिकट पट्टा उमटला होता, बाकीच्या हातापेक्षा गोरा.

ती खाली बारमध्ये आली. टेबलाशी वेन ड्रेगर बसला होता. शेजारच्या शबॉयगन शहरातल्या इतिहास मंडळाचा हा माणूस. दर हिवाळ्यात सभासदांना बसमध्ये घालून मिलवॉकीचे जुने बार दाखवायला आणायचा. त्याचे डोळे सुजले होते.

"माणसं मोजली होतीत?" कुबियाकनं विचारलं.

"प्रत्येक बारनंतर. शिक्षक होतो मी. पोरं मोजण्यात जन्म गेला."

"पोरं बियर पीत नसतील," काउंटरमागून बर्नी म्हणाला.

"तू गप्प बस. या बारमधून निघताना सगळे होते. उजेड होता, बर्फही नव्हता. व्हर्न मागच्या सीटवर खिडकीला टेकून झोपला होता."

"चेहरा पाहिलात?"

ड्रेगरनं नकारार्थी मान हलवली. "लाल चौकड्यांचा कोट दिसला. वर टोपी, डोळ्यांवर ओढलेली. शेजारी आर्डिस, त्याची बायको. तिनं ओठांवर बोट ठेवलं, म्हणून मी जवळ गेलो नाही."

"आणि नदीकाठच्या शेवटच्या बारमध्ये?"

"तिथं अंधार पडला, बर्फ सुरू झाला. निघताना आर्डिस पुढं येऊन बसली. व्हर्न अजून झोपलाय म्हणाली. घरी पोचल्यावर उठवायला गेली, तर नुसता कोट. मग म्हणाली, शेवटच्या बारमध्ये तो माझ्यामागून उतरला होता, नक्की तिथंच राहिला." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "चूक माझी आहे, बाई. मी कोट मोजला."

दुपारी पोलिसांच्या गाडीतून आर्डिस आली. बारीक, ताठ बाई. केस नीट विंचरलेले. नवऱ्याची ओळख पटवून ती थेट इथंच आली होती. तिनं बर्नीनं पुढं केलेली कॉफी दोन्ही हातांत धरली, पण प्यायली नाही.

"मिसेस होल्ट्झ, तुमचे यजमान शेवटच्या बारपासून इथवर कसे आले?"

"चालत आले असतील. हा बार त्यांच्या वडिलांचा. वरच्या खोलीत जन्मले ते. हल्ली काही आठवायचं नाही त्यांना. हे घर तेवढं आठवायचं."

"बर्फातून चालत?"

"ते काय, चालत सुटले की थांबायचे नाहीत."

कुबियाक तिच्यासमोर बसली.

"ते बर्फातून चाललेच नाहीत. बूट कोरडे होते. बसले होते ती फळी कोरडी होती. बर्फ पडायला लागला त्याआधीच ते त्या जिन्यावर बसले होते. तेव्हा तुमची बस शेवटच्या बारपाशी उभी होती. म्हणजे इथून निघताना ते बसमध्ये नव्हते. सीटवर कोट आणि टोपी होती, आणि शेजारी तुम्ही."

आर्डिसनं कप टेबलावर ठेवला.

"नजरचुकीनं राहिले असते, तर तुम्ही ओठांवर बोट ठेवलं नसतं. आणि त्यांच्या उजव्या हातात एक पट्टी असायची. नाव, पत्ता, तुमचा फोन. वाट चुकणाऱ्या माणसांना घालतात तसली. ती कुठं आहे?"

आर्डिसनं पर्स उघडून पट्टी टेबलावर ठेवली.

"आर्डिस," ड्रेगर म्हणाला. "अगं, काय केलंस हे?"

"त्यांना मारायचं नव्हतं मला." आवाज शांत होता. "अशा माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेत जागा नाही, थांबा म्हणायचे. दोन वर्षं थांबले. रात्र रात्र दारं धडकवायचे ते. मला ओळखायचे नाहीत, हात उगारायचे. मग तिथलीच एक मुलगी म्हणाली, पोलिसांना बेवारस सापडले आणि इस्पितळात एक रात्र राहिले, तर ताबडतोब दाखल करून घेतात. एकच रात्र."

"म्हणून पट्टी काढलीत. ओळख पटली असती तर लगेच घरी आणून सोडलं असतं."

"हो."

"आणि आम्हाला दुसऱ्या बारकडे पाठवलंत."

"इथं ऊब होती. माणसं होती. अनोळखी म्हातारा बसलाय म्हटल्यावर कोणीतरी फोन करीलच, असं वाटलं."

बर्नी हातातलं फडकं पिळत होता. "मला वाटलं, गल्लीतलाच कोणी असेल," तो म्हणाला. "मॅचची गर्दी होती. मागच्या दाराशी उठून गेला, तेव्हा मी विचारलं, कुठं निघालात काका? म्हणाला, आई जेवायला वर बोलावतेय. मी हसलो."

वरची खोली कित्येक वर्षं बंद होती.

कुबियाकनं आर्डिसला तिचे हक्क वाचून दाखवले. आवाज नेहमीसारखाच ठेवला. ती तेवढंच करू शकत होती. दुसरा अधिकारी गाडी दाराशी लावायला बाहेर गेला. ड्रेगर उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

आर्डिसनं कोटाची बटणं लावली. दारापाशी थांबून ती कुबियाककडे वळली.

"त्यांना इस्पितळात नेलं असेल, असंच धरून चालले मी. उबेत असतील. कोणी परिचारिका जवळ असेल." तिनं दाराची मूठ धरली. "काल मी झोपले हो. सकाळपर्यंत. दोन वर्षांत पहिल्यांदा."