ओठ न लावलेला पेला

मार्सेलाने व्हिस्कीचा पेला नाकाशी नेला, डोळे मिटून एक लांब श्वास घेतला... आणि पेला जसाच्या तसा समोरच्या तरुणाच्या हातात परत दिला.

एल्डन टॅकेट त्या भरल्या पेल्याकडे बघतच राहिला. पाहुण्यांना चव देणारे म्हातारे गृहस्थ सर्दीने घरी पडले होते, म्हणून तो आज वरच्या मजल्यावरची पिंपं सोडून खाली आला होता. भरलेला पेला परत येण्याची त्याला सवय नव्हती.

"आवडली नाही?"

"प्यायलेच कुठे? ईस्टरपर्यंत व्रत आहे माझं. राखेच्या बुधवारी उपास सुरू झाला, तेव्हापासून थेंब नाही."

"म्हणजे त्या तुम्ही," तो हसला. "काल पलीकडच्या डिस्टिलरीतून फोन होता, पेला परत करणाऱ्या बाई येताहेत म्हणून. मला वाटलं, साठीच्या एखाद्या नन असतील."

"निराशा झाली वाटतं."

"ते... अजून ठरवतोय."

मार्सेलाने मान वळवून हसू लपवलं. बाहेर, व्हिस्कीच्या वाफेने काळवंडलेल्या कोठाराच्या भिंतीलगत रेडबडची झाडं गुलाबी फुलली होती. लुइव्हिलहून निघून ती तीन डिस्टिलऱ्या पालथ्या घालून आली होती. तिच्या ऑगस्टाआत्याच्या खानावळीत वर्षाला एकच पिंप विकत घेत, आणि त्याच्या बाटल्यांवर खानावळीचं नाव असे. यंदा आत्याचे गुडघे धरले, म्हणून निवड पहिल्यांदाच मार्सेलावर आली. आणि नेमकी उपासाच्या दिवसांत. देवाला दिलेला शब्द पाळ बाई, आत्या म्हणाली होती, पण पिंप चुकलं तर पुढल्या वर्षी तुझ्या भावाला पाठवीन. त्या भावाला सरबत आणि व्हिस्की यांतला फरक बर्फ वितळल्यावर कळायचा. मार्सेलाला हे काम हवं होतं, मनापासून हवं होतं.

एल्डनने तिच्या निवडीसाठी मांडलेल्या तीन पिंपांची बुचं काढली आणि तांब्याच्या नळीने आतली सोनेरी व्हिस्की पेल्यांत सोडली. पहिल्याला तिने मान हलवून नकार दिला. दुसऱ्याला व्हॅनिलाचा, जळक्या साखरेचा गोड दरवळ होता. इथे येणारा प्रत्येक जण हेच घेऊन जातो, असं एल्डनने सांगितलं. तिसरं मात्र गप्प होतं. ओल्या लाकडाचा वास, बस्स. तिने दोन थेंब तळहातावर घेतले, हात एकमेकांवर चोळले, आणि थांबली.

तो आपल्याकडे बघतोय हे तिला कळत होतं. तिने घाई केली नाही.

हळूच चेरी आली... मग सुकलेली तंबाखूची पानं... आणि अगदी शेवटी ज्वारीची काकवी, आत्या रविवारी गरम, पावासारख्या मऊ बिस्किटांवर ओतते तशी.

"हे," ती म्हणाली.

"मॅडम, याचा वास घेऊन मी स्वतः ते नापसंत केलं होतं; तिसरं हवं म्हणून मांडलं. चाखलंही नाही."

"मग तुमचं नाक अजून लहान आहे."

तो मोठ्याने हसला, आणि हे पिंप फसणार, पैज लावायची का म्हणाला. उपासात पैज लावत नाही, असं तिने शांतपणे सांगितलं. मग मी एकटाच लावतो, तो म्हणाला; काय लावलं ते मात्र सांगितलं नाही. निरोप देताना त्याने तिचा तळहात क्षणभर धरून नाकाशी नेला. त्याचा चेहरा बदलला.

उपासातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून त्यानंतरच्या शुक्रवारी तिच्या चर्चच्या सभागृहात ती नेहमीप्रमाणे तळलेले मासे वाढत होती. रांगेत समोर एल्डन उभा, हातात कागदी ताटली.

"इतक्या लांब? माशांसाठी?"

"मासे चांगले असतात असं ऐकलं."

"तुम्ही तर बाप्टिस्ट म्हणाला होतात. तुमच्यात ना हा उपास, ना दारू."

"आईला सांगू नका. तशीही ती चर्चमध्ये सांगते, मुलगा मक्याच्या धंद्यात आहे."

"खोटं कुठे आहे? व्हिस्कीत निम्म्याहून जास्त मकाच असतो की."

मग तो दर शुक्रवारी येऊ लागला. खुर्च्या उचलू लागला, भांडी विसळू लागला, 'मॅडम'वरून 'मार्सेला'वर आला. एकदा तिने सहज विचारलं, की ते तिसरं पिंप शेवटी चाखलंस ना? रोजचं कामच तुझं. त्याने हातातलं भांडं पुसून ठेवलं.

"नाही. तुझ्याआधी ओठ लावायचे नाहीत असं ठरवलंय. त्या पिंपापुरतं... माझंही व्रत."

तिच्या व्रताची थट्टा करणारे तिने पुष्कळ पाहिले होते, कौतुक करणारेही. सोबत करणारा हा पहिलाच.

ईस्टरच्या सकाळी चर्चमधली मिस्सा झाल्यावर तो आत्याच्या स्वयंपाकघरात आला, बगलेत तिसऱ्या पिंपाची छोटी बाटली. टेबलावर हॅम होतं, गरम बिस्किटं होती. आत्याने तीन पेले मांडले आणि स्वतः बसून राहिली. ज्याने निवडलं त्याने आधी, ती म्हणाली.

मार्सेलाने क्रूसाची खूण केली. मग पेला उचलला. एक घोट... आणि तिने डोळे मिटले. ओल्या लाकडाचा मागमूस नव्हता. चेरी होती, तंबाखू होता, आणि काकवी तर जिभेवर रेंगाळतच राहिली.

आत्याने घोट घेतला. बिस्किटांची थाळी मार्सेलाकडे सरकवली आणि स्वतःचा पेला पुन्हा भरला. "पुढल्या वर्षीचं पिंपही तूच आण," एवढंच म्हणाली, आणि ओव्हनमध्ये काहीच नसताना ओव्हन बघायला उठली.

"हरलो," एल्डन म्हणाला.

"पैजेत लावलं काय होतंस?"

"हरलो तर पुढल्या उपासातही दर शुक्रवारी भांडी घासायला येईन."

"आणि जिंकला असतास तर?"

"तर... तरीही आलो असतो. मार्सेला, तुझा हात नाकाशी नेला ना, तेव्हाच कळलं होतं मी हरणार. पिंपाचं म्हणत नाहीये मी."

मार्सेलाने टेबलाकडे पाहिलं. त्याचा पेला अजून टेबलावर तसाच होता. तिचा घोट होईपर्यंत तो थांबला होता. तिने तो पेला बाजूला सारला, आणि आपला, ओठ लावलेला, अर्धा उरलेला पेला त्याच्या हातात दिला.

"घे," ती म्हणाली. "या वेळी पेला भरलेला परत करत नाहीये."