सुनंदाबाईंची शेवटची भाषा

“‘शेवटच्या श्वासापर्यंत आजीच्या तोंडून एकही अशुद्ध शब्द आला नाही...’ आई, हे वाक्य कसं वाटतं गं?”

देवपुरातल्या त्या घरी दुसऱ्या दिवशी शोकसभेला माणसं जमणार होती, आणि बाहेरगावाहून आलेली दीपमाला आजीवरचं भाषण आईला वाचून दाखवत होती. आजीच्या कथा, गुजरातीतून केलेले अनुवाद, तापीकाठची जलरंगातली चित्रं... सगळं त्यात होतं. तिच्या आईच्या, रत्नाच्या, हातातली मेथी मात्र निवडायची तशीच राहिली.

लग्न होऊन ती पाचोऱ्याकडून या घरात आली, तेव्हाच सासूबाई सुनंदाबाईंनी बजावलं होतं, “रत्ना, तुझं ते अहिराणी ‘शे-बिशे’ उंबऱ्याबाहेर. घरात शुद्ध बोलायचं.” तिनं तेही निमूटपणे सोसलं. पण तिची माय भिकुबाई बाळंतविडा घेऊन आली आणि बैठकीत बसलेल्या लेखक मंडळींशी कौतुकानं अहिराणीत बोलू लागली, तेव्हा सुनंदाबाई हसत म्हणाल्या, “तुम्ही आत बसा, यांना तुमचं कळायचं नाही.” भिकुबाई आत गेली... ती मरेपर्यंत पुन्हा या घरी आली नाही. ते शल्य रत्नाच्या काळजात कायमचं रुतून बसलं.

आणि मग अर्धांगवायूच्या झटक्यानं सुनंदाबाईंची सगळी कमावलेली भाषा पुसून टाकली! उरली ती शिंदखेड्याकडच्या माहेरची अहिराणी, शाळेत मुली हसल्या म्हणून त्यांनी लहानपणीच गिळून टाकलेली. “माय व... कोठे शे तू?” त्या दिवसभर हाका मारायच्या. त्यांचा मुलगा योगेंद्र कळवळून सांगायचा, “आई, तुझी आई कधीच वारली गं,” की त्या पोरीसारख्या हमसून रडायच्या. रत्ना दारातच थबकायची. मारू दे हाका, तिचं जळतं मन म्हणायचं, मनी मायले कोनी इचारं व्हतं?

शेवटच्या दुपारी त्यांच्याजवळ ती एकटीच होती.

“आई, बोल ना. ठेवू का वाक्य?”

“खोड ते,” रत्ना म्हणाली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि इतक्या वर्षांत या घरात पहिल्यांदाच तिचा आवाज मोकळा झाला. “लिख... तुनी आजी अहिरानी बोलत बोलत गई. मायले हाका मारत व्हती.”

दीपमालाचं पेन थांबलं. “मग?”

“मग मी तिना हात धरा, आनि ओ दिधी.”